सहा सुन्न हात आणि दोन चिरे

१९७८ सालचा हिवाळा. शेतांत धानाची मळणी चालली होती. भंडाऱ्यात आमच्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात तेव्हा पाच माणसं होती. पाच माणसांचे दहा हात. त्यातले सहा सुन्न!

कानस मारताना पितळेचा कीस पडतो. रोज झाडला तरी कोपऱ्यात साठतोच. किस्से तसेच साठले. जमवायला कोणी बसलं नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलो, डॉक्टरी शब्द मला येत नाहीत. पण हात माझा होता, म्हणून सांगतो.

माझं काम मठारण्याचं. तयार घागरीवर शेवटचे बारीक ठोके मारायचे, एका ओळीत, एका मापाचे. त्या ठोक्यांवर घागर विकते. बावीस वर्षं त्या ऐरणीवर दुसरं कोणी बसलं नव्हतं.

*

आमच्यात लटारू म्हणून एक होता. घागरीचे दोन भाग झाळून जोडायचा. माझ्याच वयाचा आणि तोंडानं फाटका.

एक दिवस सगळे चहा पीत बसलो होतो. लटारूच्या बोटांत बिडी. तो शेठच्या नकला करत होता आणि आम्ही हसत होतो. मधेच त्यानं नाक वर केलं.

"काहून बे, कोणाच्या घरी कोंबडी भाजून राहिले? वास पाह्य कसा सुटला!"

आम्ही त्याच्या हाताकडे पाहिलं. बिडी केव्हाच संपली होती. लटारूची दोन बोटं भाजत होती!

*

आजार सर्वांचा एकच. अंगठा आणि पुढची दोन बोटं सुन्न व्हायची. रात्री मुंग्या येऊन जाग यायची, मग हात झटकत बसायचं. कोणी कोणाला सांगत नव्हतं. ज्याचा हात गेला त्याची ऐरण गेली, हे सर्वांना माहीत.

पहिला बोलला मनिराम. तो अड्याळचा, सरळ माणूस. गावातल्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं त्याचं मनगट उलटं धरलं आणि बोटानं टकटक केलं. मनिरामच्या बोटांत वीज गेल्यासारखं झालं.

"हाच आजार," डॉक्टर म्हणाला.

मनिराम हात जोडून म्हणाला, "साहेब, आमी जलमभर ठोकून राहिलो तं काही सापडलं नाही. तुमी दोनदा ठोकलं अन् बिमारी सापडली! तुमी कारखान्यात या जी!"

परत येऊन त्यानं आम्हाला समजावलं. मनगटात एक अरुंद वाट असते. वरून जाड पट्टी, खालून हाडं, आणि मधे बोटांकडे जाणारी नस. ठोकून ठोकून आतलं सगळं सुजतं आणि नस आवळली जाते. वरची पट्टी कापली की नस मोकळी.

"म्हंजे घागरीच्या गळ्यात हात अटकला," लटारू म्हणाला.

"हाव. अन् गळा कापा लागते."

"पण इथं तं घागरबी तूच अन् हातबी तूच! चूक झाली तं शेठले कोणता तुकडा दाखवशीन?"

*

मनिराम नागपूरला गेला. सरकारी दवाखान्यात त्याला पूर्ण भूल दिली आणि लांब चिरा मारला. तळहाताच्या मधून मनगट ओलांडून वर गेलेला. तिथल्या डॉक्टरनं त्याला कारण सांगितलं होतं. लांब चिऱ्यात सगळं उघडं दिसतं, पट्टी अर्धवट राहत नाही, नसेला धक्का लागत नाही. पण मनगटावरची खूण बरेच दिवस दुखते आणि कामावर यायला उशीर लागतो.

महिन्याभरानं तो आला. आम्ही त्याचा हात उजेडात नेला. डॉक्टरची तारीफ करायची आमची रीत वेगळी. लटारूनं खुणेवरून नख फिरवून जोड तपासला. मग हात गणबाजींकडे दिला.

गणबाजी आमच्यात सर्वांत म्हातारे. त्यांच्या उजव्या अंगठ्याखालचं मांस झडून खड्डा पडला होता. हातोडा धरता येत नव्हता. शेठ मान म्हणून बसू देत असे. त्यांनी उशिरापर्यंत अंगावर काढलं, मग डॉक्टर म्हणाला, आता कापून उपयोग नाही.

त्यांनी मनिरामची खूण बराच वेळ पाहिली.

"जोड पक्का आहे," ते म्हणाले. "फक्त कानस मारायची राहिली."

*

पुढच्या पावसाळ्यात श्रावणनं हात कापून घेतला. श्रावण आमच्यात सर्वांत लहान, तिशीचा. तो नागपूरलाच गेला, पण खाजगीत. तिथला डॉक्टर लहान चिरा मारायचा, फक्त तळहातात, दोन बोटं रुंदीचा. भूलही फक्त हातापुरती. माणूस जागा!

लहान चिऱ्याची खूण कमी दुखते, मूठ लवकर वळते. पण डॉक्टरला आतलं कमी दिसतं. पट्टीचा एखादा धागा राहून गेला तर आजार तसाच.

श्रावण जागा होता, म्हणून गप्प राहिला नाही. पडद्याआडून त्यानं पट्टी कापल्याचा आवाज ऐकला.

"साहेब, पत्रा जाड दिसते! किती गेज?"

डॉक्टर कापत राहिला. पुन्हा कात्री वाजली.

"शेवटचा कोपरा पाह्यजा. आमचाबी तिथंच राहून जाते!"

नर्सनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. श्रावण तो किस्सा सांगताना म्हणायचा, "ऑपरेशन काहीच नाही गा. तोंडाले भूल नाही दिली, तेच चुकलं त्याईचं."

*

आता माझी पाळी. माझे दोन्ही हात सुन्न होते, उजवा जास्त. अंगठ्याखाली खड्डा दिसू लागला होता. मी मूठ बंद ठेवून हिंडायचो. नागपूरच्या त्याच खाजगी डॉक्टरला गुपचूप दाखवून आलो होतो. तो म्हणाला, दोन महिन्यांत ठरवा, नंतर मांस परत यायचं नाही. इकडे शेठनं नवा मठारणारा पाहून ठेवल्याचं माझ्या कानावर आलं.

लांब की लहान? कारखान्यात दोन तट पडले. मनिराम म्हणे लांब, श्रावण म्हणे लहान. लटारू म्हणे, "कापूच नका. हातोडा दोरीनं बांधून घ्या!"

शेवटी गणबाजी म्हणाले, "डॉक्टराले कायले विचारता? हातोड्याले विचारा."

ठोक्याचा आवाज ऐकून कोण ठोकतो ते गणबाजी सांगत. ते आमच्याकडे पाठ करून बसले. एकच घागर, एकच ऐरण. आधी मनिराम, मग श्रावण, मग मी. प्रत्येकानं वीस ठोके मारायचे.

मनिरामनं मारले. गणबाजी म्हणाले, "हा लांबवाला. ठोका पडते, पण हातोडा उशिरा उचलते."

श्रावणनं मारले. "हा लहानवाला. हात मोकळा आहे."

मग मी. वीस ठोके नीट जीव लावून मारले.

गणबाजींनी मान हलवली. "हे शिकाऊ पोट्टं कोन बसवलं रे?"

कोणी हसलं नाही. लटारू हळूच म्हणाला, "गणबाजी, तो डोमाजी होय."

गणबाजींनी वळून पाहिलं नाही.

"मंग त्याले दोन्ही चिरे मारा," ते म्हणाले.

*

त्याच आठवड्यात मी नागपूर गाठलं. खाजगी डॉक्टरला ताठ मानेनं सांगितलं, लहान चिरा मारा, आम्ही परीक्षा करून पाहिली आहे. त्यानं परीक्षा कशी केली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"लांब चिरा मारलेल्या माणसानं ठोके कोणत्या हातानं मारले?"

मी आठवलं. आम्ही थकलो की हात बदलतो, सवयच तशी. म्हणून तिथं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"डाव्या," मी म्हणालो.

"आणि चिरा?"

"उजव्या."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुम्ही न कापलेल्या हाताची परीक्षा केली!"

मी म्हणालो, "तुम्ही कापा."

त्यानं मनगट दाबून पाहिलं आणि सांगितलं, लहान चिऱ्यानं सुरू करतो, आत नीट दिसलं नाही तर वाढवीन. आत नीट दिसलं नाही. वाढवला. मला दोन्ही चिरे लागले.

*

ऑपरेशननंतर हात कोपरापर्यंत बांधलेला होता. सूज उतरावी म्हणून तो खांद्याच्या वर ठेवायचा हुकूम होता. परतताना भंडाऱ्याच्या अलीकडे शहापूरला एका नातेवाइकाकडे थांबलो. सकाळी नुसता रस्त्याच्या कडेला हवा खात उभा होतो, हात वर.

पाऊण तासात तीन एस.टी. थांबल्या, एक ट्रकही थांबला! तिसऱ्या कंडक्टरनं उतरून विचारलं, "बुढेबा, जाचं कुठं आहे?"

"कुठंच नाही."

"मंग हात खाली कर ना बाप्पा!"

"डॉक्टरनं नाही म्हटलं."

*

घरी बसलो असतो तर शेठनं ऐरणीवर दुसरा बसवला असता. म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात जाऊन माझ्या ऐरणीजवळ बसलो. काम काही नाही. नुसता बसलो.

दुपारी परसात लघवीला गेलो. पायजम्याची नाडी कशीबशी सुटली, पण बांधता येईना. उजवा हात बांधलेला, डाव्याची बोटं सुन्न. दातात धरायला नाडी पोचत नव्हती. बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तेवढ्यात लटारू आला. मी त्याला बोलावलं नव्हतं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, नाडीकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता बांधून दिली. मला बरं वाटलं.

घरी गेल्यावर बायकोला गाठ सुटेना. लटारूनं भांड्यांच्या गठ्ठ्याची गाठ मारली होती! नागपूरच्या बाजारापर्यंत ट्रकमध्ये हलत नाही अशी. पोरगा लटारूला घरून घेऊन आला. त्यानं दारातूनच विचारलं, "काय डोमाजी, माल सोडाचा का?"

अकरा दिवस हे चाललं. दुपारी तो कारखान्यात ओरडायचा, "चला, डोमाजीचा टाइम झाला!" सगळे हसायचे. शेठसुद्धा. संध्याकाळी तो माझ्या घरी येऊन गाठ सोडायचा आणि माझ्याच घरचा चहा पिऊन जायचा. मी एकदाही काही बोललो नाही. बाराव्या दिवशी टाके निघाले आणि मी नाडी स्वतः बांधली.

दोन महिन्यांनी हातोडा धरला. गणबाजी पाठ करून बसले होते, कोणी सांगितलं नसताना. वीस ठोक्यांनंतर म्हणाले, "डोमाजी, तिसरा वाकडा पडला." शेठनं पाहून ठेवलेला नवा मठारणारा आलाच नाही.

वर्षभरानं लटारूची बोटं पुन्हा भाजली. या वेळी भट्टीवर. त्याच्या बायकोनं त्याला ओढत नागपूरला नेलं. त्यानं लांब चिरा मारून घेतला. टाके पंधराव्या दिवशी निघणार होते.

तोही दुसऱ्याच दिवसापासून कारखान्यात येऊन बसला. त्या दुपारी मी हातोडा खाली ठेवून परसात गेलो. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी नाडी बांधली. तीच गाठ मारली. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन सोडली. त्याच्या घरचा चहा प्यालो.

अकरा दिवस.

बाराव्या दिवशी दुपारी परसातून हाक आली, "डोमाजी! ओ डोमाजी!"

मी ठोकत बसलो.