कंपनीचं शेपूट, कॉपीचं शेपूट

आमच्या गॅरेजात भेवाचे, म्हणजे भीतीचे, किस्से कसे जमतात ते सांगतो. एखादा माणूस पंक्चर काढायला येतो, बाकड्यावर बसतो, माझ्या जीपच्या मागं लटकलेलं लोखंड पाहतो आणि विचारतो, "हे काय हाय बाप्पा?" मग शब्बीरभाई सांगायला लागतो, मधे मधे मी त्याच्या चुका काढतो, तेवढ्यात शेजारचं गिऱ्हाईक आपलं एक जोडून देतं. पंक्चर निघून चाक बसवून होतं, पण माणूस काही उठत नाही! आता सांगताना आम्ही हसतो. ज्या दिवशी घडलं त्या दिवशी मात्र एकही जण हसला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात वाशीम रोडला आमचं गॅरेज. गॅरेज शब्बीरभाईचं, जीप माझी. खेड्यावर कोणाची मोटरसायकल बंद पडली की मी ती आणायला जायचो. आधी गाडी जीपमध्येच आडवी कोंबायचो. पेट्रोल सांडायचं, सीट फाटायची, वासानं डोकं धरायचं. मग शब्बीरभाईनं मोबाइलवर एक वस्तू पाहिली. जीपच्या मागं खाली एक चौकोनी पाईप पक्का करायचा. त्यात एक दांडा घालायचा आणि आरपार पिन टाकायची. दांड्याच्या टोकाला आडवी लोखंडी पन्हळ. त्या पन्हळीत मोटरसायकल उभी करायची, पट्ट्यांनी आवळायची आणि निघायचं! इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला शेपूट म्हणतो.

*

शेपूट आणायला आम्ही दोघं कारंजा लाडला गेलो. पार्टच्या दुकानात दोन शेपटं शेजारी शेजारी उभी होती. एक कंपनीचं, एक कॉपी. रंग तोच, लाल पट्टा तोच, कॉपीच्या नावात फक्त एक अक्षर इकडचं तिकडं. किंमत मात्र निम्मी!

मी दुकानदाराला विचारलं, "शेठ, दोघायत फरक काय?"

शेठ सरळ माणूस होता. म्हणाला, "कंपनीचं मोडलं तं कंपनीले फोन लावा. नंबर डब्ब्यावर लिवला हाय."

"आन् कॉपीचं मोडलं तं?"

शेठनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. "तं मांगं कोन होतं ते पहा!"

मी शब्बीरभाईला बाजूला घेऊन म्हटलं, "आपण कंपनीचंच घेऊ." तोवर शब्बीरभाई कॉपीच्या पन्हळीवर चढून दोन उड्या मारून आला होता. "लोखंड हाय परकाश. लोखंड ते लोखंड! नावाचे पैसे कायले द्यायचे?"

कॉपी आलं.

*

जीपला पाईप जोडून दिला वसंता वेल्डरनं. काम झाल्यावर आम्ही दांडा आत सरकवला, पिन टाकली. वसंतानं शेपूट धरून हलवलं. खड खड खड!

"दांडा बारीक हाय. आत खेळून राह्यला," वसंता म्हणाला.

शब्बीरभाई म्हणाला, "मंग पत्र्याचा तुकडा घाल नं."

वसंतानं पत्रा घातला. खडखड कमी झाली, गेली नाही. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "पाहा शब्बीरभाई, जीपले पाईप मी जोडला, त्याची ग्यारंटी माही. त्या पाईपात तुमी जे घालसान, त्याची तुमची." मग इकडंतिकडं पाहून विचारलं, "चालवनार कोन?"

मी हात वर केला.

वसंता माझ्याकडं बघत राहिला. "वयनीले सांगून जात जाय बरं," एवढंच बोलला आणि हात धुवायला गेला!

*

पहिलं गिऱ्हाईक नामदेवराव. मालेगावच्या बाहेर त्यांचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर काढायची आणि सकाळी मोटरसायकलवर क्रेट बांधून बाजारात आणायचं. त्या दिवशी मळ्यातच गाडी बसली. आम्ही गेलो, गाडी शेपटावर चढवली, पट्टे आवळले. नामदेवराव एकदा गाडीकडं पाहत, एकदा खालच्या पिनीकडं.

"एवढ्याशा पिनीवर माही गाडी?"

"व्हय," शब्बीरभाई म्हणाला. "काही होत नाई."

"मंग मी बसतो गाडीवर."

आम्हाला वाटलं गंमत करतात. तोवर म्हातारा पन्हळीवर पाय देऊन गाडीवर जाऊन बसलासुद्धा! मी हात जोडले. "नामदेवराव, खाली उतरा. मले भेव लागते."

"तुले समोर बसून भेव लागते? मंग माह्या गाडीले मांगं किती लागत असन! ती पडली तं मी बी पडीन. पन एकटी नाई सोडत तिले."

उतरेनाच. शेवटी डांबरी रस्त्यापर्यंत तसंच न्यायचं ठरलं. मी बैलगाडीसारखी जीप चालवत होतो आणि शब्बीरभाई मागून पायी येत होता. आरशात नामदेवरावाचं तोंड. चाक खड्ड्यात गेलं की ते तोंड आरशातून गायब व्हायचं आणि माझं काळीज थांबायचं. पुन्हा दिसलं की मी श्वास घ्यायचो. वाटेत पाण्याचा एक पाट आडवा गेला होता. तिथं शेपूट असं काही कडाडलं, की मी स्टेअरिंग सोडून मागंच पाहिलं!

डांबरी रस्ता आला. नामदेवराव उतरेनात. आता हट्ट नव्हता. त्यांच्या हाताची बोटं हँडलवर अशी आवळली गेली होती की सुटत नव्हती! शब्बीरभाईनं एकेक बोट उकलून त्यांना खाली घेतलं.

"शेपूट चांगलं हाय," नामदेवराव म्हणाले. "पन पुढल्या वक्ती मी गाडी ढकलत आनीन."

*

माझ्या बायकोला, मंगलाला, मी वसंताचं बोलणं सांगितलं नव्हतं. त्यानंच सांगितलं! तेव्हापासून मी जीपची चावी उचलली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आज मांगं लावलं हाय का?"

एकदा तिला माहेरी सोडायला निघालो. शेपूट रिकामंच होतं, पण काढायचा कंटाळा केला. मंगला माझ्या शेजारी बसली आणि गावाबाहेर पडल्यावर मान वळवून मागं पाहायला लागली. मी म्हटलं, "समोर पाहाय."

"समोर तुमी पाहून राह्यले नं? मंग मांगं कोनी पाह्याव!"

साऱ्या रस्त्यानं तिचं चालूच. "एक सायकलवाला आला... तो गेला. आता एक बाई हाय, कडेवर लेकरू हाय, तिच्यापासून दूर घ्या. आता दुधवाला हाय... अहो हळू, दुधवाला लय जवळ हाय!" मागून येणारा प्रत्येक माणूस मला दिसायला लागला. त्याआधी मागचे लोक म्हणजे माझ्यासाठी नुसता हॉर्न होते.

माहेरी पोचलो तेव्हा मंगलाची मान आखडून गेली होती. सासूबाई घाबरून धावत आल्या, "काय झालं वं माय? मान काहून वाकडी?"

मंगला रडवेली होऊन म्हणाली, "यायच्या शेपटापाई!"

सासूबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी चहा न घेताच परतलो.

*

आता खरा भेवाचा.

मेडशीकडून एक जड मोटरसायकल घेऊन आम्ही दोघं मालेगावला येत होतो. दुपारची वेळ, लख्ख ऊन. शब्बीरभाई खुशीत होता. म्हणाला, "परकाश, एक गोष्ट ध्यानात आली का? आज खडखड नाई!"

खरंच नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शेपूट गप्प होतं. मला बरं वाटलं.

थोड्या वेळानं आरशात एसटी दिसली. भर उन्हात हेडलाइट लावून उघडझाप चाललेली आणि हॉर्न एकसारखा. मी हात काढून साइड दिली. एसटी पुढं जाईना. मी वेग वाढवला, तिनं वाढवला. मी कमी केला, तिनंही कमी केला. लाइट चालूच, हॉर्न चालूच!

"याच्याशी आपलं कधी भांडन झालं का?" शब्बीरभाईनं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"ब्रेक फेल असन," मी म्हटलं.

आणि माझ्या डोळ्यांसमोर ती एसटी आरशातच रस्त्यावर आडवी झाली. पूर्ण आडवी! दार उघडलं आणि कंडक्टर हात हलवत आमच्याकडं धावत सुटला. मी जीप कडेला घेतली.

खाली उतरून मागं गेलो. खडखड बंद का झाली होती ते तिथं कळलं. दांडा वाकून पाईपात आवळून बसला होता आणि पन्हळीजवळचं जोडकाम अर्ध्याच्या वर उकललं होतं. मोटरसायकल रस्त्याकडं झुकून लटकत होती, चाकाच्या खाली डांबर बोटभर अंतरावर.

कंडक्टर धापा टाकत म्हणाला, "आमच्या ड्रायव्हरले मघापासून दिसून राह्यलं. तुमाले सांगाव कसं? म्हनून त्यानं मांगचं सारं अडवून धरलं, कोनालेच पुढं येऊ देल्लं नाई. आता गाडी उतरवा बाप्पा लवकर, पॅसेंजर मले शिव्या देऊन राह्यले!"

आम्ही गाडी उतरवली. एसटी सरळ झाली आणि तिच्यामागं अडकलेली रांग आमच्या पुढून जायला लागली. शाळेच्या लेकरांनी भरलेला एक ऑटो गेला. एक नवरा-बायको मोटरसायकलवर, मधे तान्हं. सायकलवर टोपल्या घेऊन चाललेला एक म्हातारा. सगळे आमच्यावर चिडलेले. कोणालाच ठाऊक नव्हतं.

शब्बीरभाई रस्त्याच्या कडेला मातीतच खाली बसला. प्रत्येक गाडी गेली की त्याचे ओठ हलायचे. मला आधी वाटलं, दुआ मागतोय. जवळ जाऊन ऐकलं तर तो एकच वाक्य बोलत होता, "हा मांगं होता... हा मांगं होता..."

*

वसंतानं गॅस कटरनं कॉपीचे तुकडे केले आणि आम्ही पुन्हा कारंजाला गेलो. शेठनं आम्हाला ओळखलं. त्यानं स्टूल सरकवलं.

"मांगं कोन होतं?"

"एसटी होती," शब्बीरभाई म्हणाला.

शेठनं वर पाहून हात जोडले आणि कंपनीचं शेपूट काढलं.

पण आता शब्बीरभाईच्या मनात भलतंच भेव. हेही कॉपी असलं तर? डब्ब्यावर चांदीचा ठिपका होता. तो खरवडायचा, आतला नंबर मेसेज करायचा, मग माल असली आहे का नकली ते कळतं. शब्बीरभाईनं नखानं ठिपका खरवडला, मेसेज केला, आणि उत्तर येईपर्यंत शेपूट जीपला लावू देईना!

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाईला कंपनीतून एका पोरीचा फोन आला. "सर, आमच्या प्रॉडक्टचा आपला अनुभव कसा होता?"

"मॅडम, अनुभव येऊच नाई म्हनून तं घेतलं!"

"सर, एक ते पाचमध्ये गुण द्याल का?"

"देतो. पाचच्या पाच देतो. पन असली हाय का नाई, तेवढं सांग नं माय!"

पोरगी घाबरली असावी, तिनं फोनच ठेवून दिला. पुढं मेसेज आला, माल असली. शब्बीरभाईनं तो मला मोठ्यानं वाचायला लावला. मग वसंताला वाचायला लावला. मग पंक्चर काढायला आलेल्या एका अनोळखी माणसाला!

दांडा पाईपात घट्ट बसला. वसंतानं दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हूं नाही की चूं नाही.

*

शब्बीरभाईची लहानी पोरगी सना. यंदा कॉलेजात गेली आणि बापाच्या मागं लागून स्कूटी चालवायला शिकली. चालवते चांगली. हेल्मेट घालते, वळताना हात दाखवते.

परवा सकाळी आम्ही वाशीमकडून येत होतो. शेपटावर एक हलकीशी मोटरसायकल. कंपनीचं शेपूट लागल्यापासून शब्बीरभाई जीपमध्ये झोपायलासुद्धा लागला होता. त्या दिवशीही मान टाकून बसला होता. मी आरशात पाहिलं आणि सहज म्हटलं, "शब्बीरभाई, मांगं सना येऊन राह्यली."

त्यानं डोळे उघडले. त्याच्या बाजूच्या आरशात पाहिलं. आमच्या मागं, अगदी शेपटाच्या मागं, सनाची स्कूटी. बाप दिसला म्हणून ती हात हलवत होती.

"गाडी थांबव," शब्बीरभाई म्हणाला.

"काय झालं?"

"थांबव म्हनतो नं!"

मी जीप कडेला घेतली. ती पूर्ण थांबायच्या आतच तो उतरला आणि रस्त्यात उभा राहिला. सनाला हातानं इशारा केला, पुढं हो. ती गोंधळली. "अब्बा, काय झालं? गाडी बिघडली का?"

"काही नाई बेटा. तू जाय समोर. जाय."

ती गेली. शब्बीरभाई तिच्याकडं पाहत रस्त्यातच उभा. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला, तरी हलला नाही. स्कूटी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा येऊन जीपमध्ये बसला. त्याच्या शर्टाची पाठ घामानं ओली झाली होती.

मी चावी फिरवली नाही. म्हटलं, "शब्बीरभाई, आता तं कंपनीचं हाय. असली हाय. तुमीच तं मेसेज वाचाले लावला साऱ्यायले!"

"माहीत हाय," तो म्हणाला. "थोडं थांब. तिले घरी पोचू दे."