ओल्या वाळूवरची मोटार

अब्बांना हौस दांडगी! कुठल्याशा इंग्रज साहेबाची तीसेक वर्षांची जुनी मोटार त्यांनी विकत घेतली होती. हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. साठच्या दशकातलं दुबई ते, धड रस्ता असा नव्हताच.

रत्नागिरीहून नानीची, म्हणजे अम्माच्या आईची, तब्येत बिघडल्याची तार आली होती. अम्माचं तिकीट निघालं. मुंबईच्या आगबोटीपर्यंत नेणारी लाँच दुपारी एकला सुटणार, पुढची बोट पंधरा दिवसांनी. आणि अब्बांना त्याच सकाळी सुचलं, "दोन वर्षं घरात बसून काढलीस, जाण्याआधी शारजाच्या पुढचा किनारा तरी बघ. दहाला परत!" अम्मा नको नको म्हणत होती. पण ऐकतो कोण?

शारजा मागे पडलं आणि पुढे दोन वाटा आल्या. एक सुक्या वाळूतून, दुसरी काळसर, ओलसर, सपाट जमिनीवरून. अब्बा कोकणातले. आमच्या गावी ओहोटीला ओल्या पुळणीवरून बैलगाड्या बिनघोर जातात, सुक्या वाळूतच चाकं रुततात. अब्बांनी ओली बाजू धरली. झालं! ती होती सबखा, म्हणजे वर मिठाची पापडी आणि खाली नुसता चिखल. मोटार पायरीपर्यंत आत गेली. दारं चिखलात अशी अडकली की उघडेनात.

अब्बा खिडकीतून बाहेर पडले. अम्मा आणि आम्ही दोघी बहिणी आतच राहिलो. बाहेर पाऊल टाकलं की गुडघाभर चिखल, आत भट्टी. अब्बा हातांनी चिखल उपसत होते आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "इन्शाल्ला, आत्ता निघेल." मला इतका राग आला होता की त्यांना पाणीसुद्धा देऊ नये असं वाटलं. अम्मा मात्र सारखी त्यांना घड्याळात किती वाजले ते विचारत होती. एक वाजून गेला, मग तिने विचारणं सोडलं.

तिसऱ्या प्रहरी समुद्रात लांबवर धूर दिसला. आगबोट! अब्बा खिडकीतून हात घालून वेड्यासारखा भोंगा वाजवू लागले.

"पुरे करा," अम्मा म्हणाली. "त्यांना ऐकू जात नाही."

संध्याकाळी काही मासेमारांनी फळ्या आणि दोर आणून आम्हाला ओढून काढलं.

चौथ्या दिवशी दुसरी तार आली. नानी गेली होती.

अम्मा रडली नाही. तिने बांधलेलं सामान सोडलं आणि एकेक कपडा परत कपाटात लावू लागली. अब्बा दारात उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या बोटीचं तिकीट काढतो."

"कुणाकडे जाऊ आता?" अम्माने विचारलं आणि कपाट लावून घेतलं.