विळी खालीच राहील

वहिनी गेली, हे तिच्या लेकानं, माझ्या भाच्यानं साताऱ्याहून फोनवर सांगितलं. "शेवटी मला जवळ बसवून घेतलं तिनं, बास," म्हणाला. फोन ठेवून मी रडले. याच लेकराला जवळ घ्यायला ती एके काळी भ्यायची...

साठच्या दशकाची सुरुवात. वाईजवळचं आमचं गाव, दादा पलटणीत, मी चौदा वर्षांची. बाळ चार महिन्यांचं असताना वहिनीनं एक दिवस विळी माळ्यावर टाकली आणि भाजी चिरायचं काम माझ्याकडं आलं. विळी तिथंच आहे ना, हे बघायला ती दिवसातून दहादा शिडी चढायची. शेवटी मला म्हणाली, "विळी दिसली की बाळाचा गळा दिसतोय. माझ्या हातनं काय झालं तर?"

आईच्या कानावर गेलं. तिनं देवऋषी बोलावला. तो अंगारा घेऊन पुढं सरकला, तशी सासूसमोर कधी मान वर न करणारी वहिनी उठून उभी राहिली. "आत्याबाई, मला भुताचं झाड लागलं असतं तर मी भ्याले असते व्हय? मी भितीया, कारण मी आय हाय त्याची."

दुसऱ्या दिवशी बाळाला आणि मला घेऊन तिनं मिरजेचा दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "असले विचार पुष्कळांना येतात आणि जातात. तुम्ही मात्र ते धरून ठेवता, खरे की खोटे तपासत बसता. तपासाल तितके ते वाढणार." घरी येऊन तिनं विळी खाली काढली, बाळाला शेजारी निजवलं, गवार घेतली. पावशेर गवारीला अख्खी दुपार लागली. मी विळी उचलायला गेले. "न्हाई, विळी खालीच राहील. इचार येतोय तर येऊ दे, मी भाजी चिरतीया."

दुखणं पुरतं गेलं नाही. पुढं कधी चुलीच्या विस्तवाशी, कधी आडाच्या काठाशी मन अडकायचं. बारशाला बायका आपली बाळं तिच्यापासून लांब धरायच्या. ती सरळ जाऊन हात पुढं करायची, "द्या हिकडं," आणि सगळ्यांच्या नजरा झेलत पाळणा म्हणायची. तिनं काही लपवलं नाही, म्हणूनच पुढं बायका गुपचूप तिच्याकडं येऊ लागल्या...

गेल्या आठवड्यात तिच्या दिवसकार्याला गावी गेले, घराच्या बाहेरच्या सोप्यात बसले होते. पलीकडच्या गावची एक बाई आली. "आक्का हायत का? सून बाळाला हात लावंना झालीया. समदी म्हणत्यात, याड लागलं."

वहिनी गेल्याचं सांगितलं. ती वळली, तसं मी तिला थांबवलं.

"सुनेला घेऊन या," म्हटलं. "आणि येताना बाळ तिच्याच कडेवर द्या."