जेवणापुरती जपानी

शिकवणाऱ्यांकडे किस्से साठतात म्हणे. माझ्या जपानीच्या क्लासात ते तुंबतात! उस्मानपुऱ्यात एका मेडिकलच्या वर आमच्या दोन खोल्या. कामासाठी जपानला निघालेली मुलंमुली तिथे शिकायला येतात. लिपी, व्याकरण मी कसंबसं रेटून नेते. पण खाण्यापिण्याचा धडा आला, की रजा टाकावीशी वाटते.

त्याला कारण आमचे संचालक. त्यांचा हुकूम असा, "जपानी शब्दाचा अर्थ इंग्रजीतूनच सांगायचा, मॅडम. पालकांना इंटरनॅशनल वाटलं पाहिजे!"

*

पहिलाच शब्द होता 'नासु'. पुस्तक अमेरिकन वळणाचं, त्यात अर्थ दिलेला 'एगप्लांट'. मुलांनी शाळेत पाठ केलेलं 'ब्रिंजल'. एकीच्या मोबाइलमधलं ॲप इंग्लंडचं, ते म्हणालं 'ओबर्जीन'. मग काय, या तीन वेगळ्या भाज्या आहेत असं धरून वर्गात जुंपली. मी घसा फोडून थकले आणि शेवटी दाराकडे बघत हळूच म्हणाले, "अरे, वांगं!"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, इतक्या वेळात भरीत झालं असतं!"

*

मग भेंडी. आपण 'लेडीज फिंगर' म्हणतो, अमेरिकेत 'ओक्रा' आणि जपानी लोकांनी तेच उचलून 'ओकुरा' केलं. वैजापूरचा संदीप तिन्ही शब्द वहीत उतरवत होता. मग म्हणाला, "मग लेडीज फिंगर कुणी काढलं?"

"इंग्रजांनीच. ते विसरत चालले, आपण धरून ठेवलं."

"म्हंजे आख्खी दुनिया एकीकडं, आन् आपण बाईचं बोट धरून बसलो!"

आता सांगा, पुढे काय शिकवू?

*

एकदा अजिंठ्याची लेणी बघायला आलेले एक जपानी पाहुणे क्लासला भेट द्यायला आले. मे महिना, बिचारे घामाघूम. संचालकांनी विचारलं, "काय घेणार?" पाहुणे म्हणाले, "सायडर." जपानमध्ये सायडर म्हणजे साधं गोड सोडा-लेमन. मी तेव्हा वर्गात होते, हेच चुकलं! संचालकांनी मोबाइलमध्ये शब्द शोधला, तर इंग्लंडमध्ये ती सफरचंदाची दारू निघाली.

मी बाहेर येईपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बिअर टेबलावर होती. सायडर मिळाली नव्हती म्हणे! पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला आणि मुकाट्यानं दोन घोट घेतले. संचालक अजून सगळ्यांना सांगतात, "जपानी माणूस कामाला वाघ, पण दुपारपासून घेतो हो!"

मी समजावणं सोडून दिलंय.

*

आणि मग कमलबाई आल्या. चितेगावला कंपनीत पॅकिंगला असतात. त्यांची लेक प्रतीक्षा माझीच विद्यार्थिनी. हल्ली ती जपानमध्ये एका वृद्धाश्रमात आहे, म्हाताऱ्यांना उठवते, अंघोळ घालते, हातानं भरवते.

"मॅडम, मला आख्खी जपानी नगं. नुस्ती जेवणापुरती शिकवा."

"कशाला हो?"

"रोज फोनवर इचारते, काय खाल्लं गं? ती तिकडचा शब्द सांगती. म्हनलं मंजी काय, तर इंग्रजी सांगती. दोन्हीकडून मी अडाणीच! आन् पोरगी लई वाळल्यावानी दिसायलीय. ती काय खाती, येवढंच मला कळाया पाहिजे."

संचालकांना विचारलं तर म्हणाले, "शिकवा की! पण इंग्रजीतून." मी दार लावून घेतलं आणि मराठीतून सुरू केलं.

आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांत तो धडा पहिल्यांदाच सरळ चालला. 'ओकायु'ला पुस्तकात 'पॉरिज' लिहिलंय. इंग्लंडात पॉरिज म्हणजे ओट्स, आपल्याकडे दलिया. मी म्हटलं, तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवतात; कमलबाईंनी एवढंच विचारलं, "तांदळाची पेज व्हय?" व्हय! 'पुरिन' म्हणजे इंग्रजी 'पुडिंग', पण कुठल्या देशाचं पुडिंग, यावर मी स्वतःच दरवेळी अडते. दूध-अंड्याचं, गोड, थलथलीत, एवढं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "खरवसावानी लागत असंल." तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, तो त्यांनी दुकानात बोटानं दाबून बघितला.

*

परवा त्या आल्या, तेव्हा सगळं पाठ होतं. मी विचारलं, "काय काय खाल्लं मग आठवड्यात प्रतीक्षानं?"

कमलबाई बोटांवर मोजत सांगायला लागल्या. सोमवारी ओकायु. मंगळवारी तोफू. बुधवारी कुस्करलेला लाल भोपळा. मग वाफवलेल्या अंड्याचं ते मऊ मऊ. मग पुरिन. मग पुन्हा ओकायु.

एकही शब्द चुकला नाही! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. म्हटलं, "बघा, सगळं कळायला लागलं तुम्हाला. आता काळजी मिटली ना?"

कमलबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "हे समदं तिथल्या दात पडलेल्या म्हाताऱ्यांचं जेवण हाय. माझ्या पोरीला तर बत्तीसच्या बत्तीस दात हायेत."