खाली चुलीपाशी बसलेली वाचक

पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारात रिक्षात होते. "मॅडम, लिखाण चांगलंय," ते म्हणाले, "पण दोन गोष्टी कळवा. ही कादंबरी समजायची की आठवणी? आणि तुमचा वाचक कोण? ते ठरल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही." मला ठसका लागला. "कळवते" म्हणून मी फोन ठेवला. ठसका खराच होता, रिक्षा मिरची बाजारावरून चालली होती. पण तो लागला नसता तरी मी फोन ठेवलाच असता, कारण मला उत्तर येत नव्हतं.

गंमत म्हणजे मी शाळेत मराठी शिकवते. कुणासाठी लिहिताय ते आधी ठरवा, असं वर्षानुवर्षं मुलांना बजावत आलेय. आणि स्वतःचं पहिलं पुस्तक लिहिताना मात्र ते सोयीस्करपणे विसरले होते. लग्नानंतर सुरतेला गेलेल्या आणि बऱ्याच वर्षांनी म्हसावदकडच्या आपल्या गावी परतलेल्या एका बाईची गोष्ट होती ती. लिहून झाली, पण ती कोण वाचणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वाचकाचा विचार करायला लागले की मला गावातलं आमचं धाबं, म्हणजे घराचं मातीचं सपाट छप्पर, आठवायचं. उन्हाळ्यात तिथे बिबडे, म्हणजे ज्वारीचे जाडसर पापड, व्हायचे. ज्वारीची भरड लसूण, मिरची, तीळ घालून शिजवायची, तो घाटा. तो गरम असतानाच थापायचा आणि खाटेवर अंथरलेल्या जुन्या साडीवर वाळत घालायचा. आज एकीकडे, उद्या दुसरीकडे, अशा गल्लीतल्या सगळ्या बाया पाळीपाळीने एकमेकींकडे जायच्या. मी शाळकरी. माझे बिबडे कधीच गोल होत नसत, म्हणून मला वाचायला बसवलेलं. हाताला लागेल त्या साप्ताहिकातली गोष्ट मी घ्यायची. छापलेलं असायचं मराठीत, मी सांगायची अहिराणीत. मध्येच गरम घाट्याचा गोळा तेल घालून मिळायचा. माझं पहिलं मानधन तेच, आणि इतकं चवदार मानधन पुढे मिळेल असं वाटत नाही.

पण एक रीत होती. जिच्या घरचे बिबडे, तिने वर यायचं नाही. तिने खाली चुलीपाशी बसून घाटा हलवायचा, नाहीतर तो बुडाला लागतो. आमच्या घरची पाळी आली की आई खाली अडकायची. खालून ओरडायची, "जोरमा वाच वं! मले काहीच आयकू येस नही!" मी घसा फोडून वाचायची, पण वरच्या हसण्याखिदळण्यात गोष्ट काही जिना उतरत नसे.

मग दुपारी, सगळ्या गेल्यावर, आई साडी उलटी करून मागून पाणी शिंपडायची आणि वाळलेले बिबडे एकेक सोडवत म्हणायची, "हां, आते सांग." तेव्हा मी तिला एकटीला सगळी गोष्ट पुन्हा सांगायची. आई जास्त बोलायची नाही. नुसतं म्हणायची, "मंग?" चांदणं, वारा, नायिकेचे डोळे आले की ती गप्प. कुणी दार वाजवलं, कुणी निघून गेलं की लगेच "मंग?" कुठे थांबायचं आणि काय गाळायचं हे मला त्या दुपारींनी शिकवलं. आईला वाचता येत नव्हतं.

आई जाऊन दोन वर्षं झाली. गावात आमच्या घराशेजारीच राहणाऱ्या काकूने यंदा फोन केला, "तुन्हा बी बिबडा करी ऱ्हायनू. ये." सुरतेहून परतलेल्या बाईची गोष्ट वाचणार, असं तिला फोनवरच सांगितलं आणि हस्तलिखित पिशवीत टाकून गेले. म्हटलं, प्रकाशकाच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळेल.

काकूकडेही धाब्याच्या जागी आता स्लॅब आहे. थापायला तीन-चारच बाया होत्या. बाकीच्यांकडे बिबडे विकत येतात. मी पहिल्या पानापासून वाचायला लागले. आधी तापीकाठचा सूर्यास्त, तो संपता संपेना. मग आलं, 'ज्वारीच्या भरडीचा शिजवलेला लगदा, ज्याला स्थानिक भाषेत घाटा म्हणतात.' एकीने आपल्या माखलेल्या हातांकडे पाहिलं. "स्थानिक भाषा म्हंजे कोनती वं?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण तोंड पार उतरलं होतं. पुढचं त्यांनी शाळेच्या संमेलनातल्या भाषणासारखं, अदबीने ऐकून घेतलं.

परात रिकामी झाली म्हणून मी घाटा आणायला खाली गेले. काकू घामाघूम होऊन पातेलं ढवळत होती. मला बघताच म्हणाली, "मंग? मले काहीच आयकू उनं नही. ती बाई सुरतथीन उनी का?"

मी परात बाजूला ठेवली आणि पाटावर बसले. कागद वरच राहिले होते. सूर्यास्त सोडून दिला, लगदा सोडून दिला. "ती बाई गाडीमा बसनी," इथपासून सुरू केलं. काकू "मंग?" म्हणत गेली, मी सांगत गेले. वरून हाका येऊ लागल्या, घाटा कुठंय म्हणून. काकू तोंड वर करून ओरडली, "थांबा वं, बाई आजून गाडीमा शे!"

घाटा बुडाला लागला. करपट वास सुटला आणि मला रडू आलं. आईची आठवण आली म्हणून आलं, उगाच धुराचं नाव कशाला घेऊ?

नंदुरबारला परतताना बसमधूनच प्रकाशकांना कळवलं, 'कादंबरी नाही, आठवणी नाहीत. ही सांगितलेली गोष्ट आहे. वाचक म्हणजे, गोष्ट चालू असताना जिला खाली चुलीपाशी बसावं लागलं ती. पुन्हा लिहून देते.' त्यांचं उत्तर आलं, 'म्हणजे महिला वर्ग. ठीक आहे.' मी वाद घातला नाही.

आता शाळेतून आले की लिहायला बसते. प्रत्येक परिच्छेद मोठ्याने वाचते आणि जरा थांबते. "मंग?" ऐकू आलं नाही तर तो खोडून टाकते. ऐकू येतं तेव्हा ते आईच्या आवाजात येतं, आणि अजूनही खालूनच येतं.