बापूच्या गाडीची थ्रॉटल बॉडी

हसान तुमी, पण पयले हातातला चहा खाली ठेवा. माह्या हातून जे झालं ते आयकताना सांडन.

माहे बापू तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, अकोटले. रिटायर झाल्यावर जुनी कार घेतली, आन् तिले कोनाले हात लावू देत नसत. औंदा डॉक्टरनं सांगितलं, डोळे अधू झाले, आता गाडी बंद. बापू दोन दिवस नुसती गाडीच पुसत बसले. लायसन माह्याकडे होतं, सुनंदाकडे, म्हंजे माह्या बायकोकडेही होतं. पण चावी पोरालेच द्याची, असं बापूच्या मनात.

"रविवारी मले रिद्धपूरले ने. नीट नेलं तं चावी तुही."

बाप्पा! चाळीस वर्षांच्या मास्तरले यापेक्षा मोठी परीक्षा कोनती?

गाडी चढावर दमते, हे मले खटकत होतं. मोबाइलवर पाह्यलं. इंजिनात हवा जाते ते तोंड म्हंजे थ्रॉटल बॉडी. ते आतून घासून रुंद केलं का जादा हवा, जादा ताकद. आत एक गोल झडप. अॅक्सिलरेटर दाबला का उघडते, सोडला का बंद. एवढं सोपं!

सुनंदा सासऱ्याले मामाजी म्हणते. ती म्हणाली, "अहो, मामाजीले इचारा तरी."

"त्यायले सरप्राइज देतो ना!"

शनिवारी बापू अंजनगावले गेले आन् मी थ्रॉटल बॉडी खोलून अंगणात बसलो. ड्रिलले पॉलिशपेपर गुंडाळला, घासलं. चकचकीत! इतकं सुंदर काम मी जन्मात केलं नव्हतं. म्हणून अजून थोडं घासलं.

रविवारी चावी फिरवली. गाडी अशी गरजली का शेजारी ब्रश तोंडात घेऊन बाहेर आले. "पाह्यलं? पॉवर!" मी त्यायले सांगितलं.

बापू टोपी घालून, पिशवी घेऊन आले.

"पाय काढ."

"काढला, बापू."

"काढ म्हणतो ना बे!"

मी दार उघडलं आन् दोन्ही पाय जमिनीवर ठेवून दाखवले. गाडी ओरडूनच राह्यली.

"मंग थे कोन दाबून राह्यलं?"

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. भोक मोठं केलं, झडप तेवढीच! गंज-पातेल्यापेक्षा झाकण लहान, बंद होईन कसं? आन् मी शिकवतो काय? गणित! वर्तुळाची त्रिज्या!

बापू रागावले असते तं बरं झालं असतं. त्यायनं गाडी बंद केली, बोनेटवर हात ठेवला. "तीस वर्षांत माह्या हातची गाडी अशी रडली नाही रे." मले लय लाज वाटली. मान वर होत नव्हती.

आमी एसटीनं गेलो. बापू खिडकीशी, बाजूले सुनंदा, मी उभा. रिद्धपूरले दर्शन झाल्यावर बापूनं खिशातून चावी काढली आन् सुनंदाच्या हातात देली.

"आन् मी, बापू?"

"तुले हवा भराची हौस हाय ना? दर रविवारी टायरात भरत जाय."

अमरावतीहून दुसरी थ्रॉटल बॉडी आणून बसवली. गाडी सुनंदा चालवते, टायरात हवा मी भरतो. हवेचा काटा मात्र तीच पाहते. गणिताच्या मास्तरवर भरोसा नाही म्हणते.