आक्काची सम

आक्का गेली हे मला वडगावच्या बाजारात, वांगी निवडताना कळलं. सांगणारी वर म्हणाली, "भाग्यवान हो, झोपेतच गेली." भाग्यवान म्हणे... आक्का माझी थोरली जाऊ. नवरा लवकर गेला, तेव्हा त्याच्याच हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली आणि शहापुरी साड्या विणून चार पोरं वाढवली.

पंधरवड्यानं विणकरांनी शोकसभा घेतली, कॅम्पातल्या जुन्या दगडी हॉलात. एक म्हातारे वकील बोलले, "आक्कांना गाण्याचा कान होता." मला त्या वकिलाची किळस आली. याच हॉलातून यांच्या आईनं तिला हाकललं होतं.

साहेबाचं राज्य होतं तेव्हा. एका मोठ्या गवयीणबाईंचं दुपारचं गाणं होतं. पुरुष खाली, बायका वरच्या लाकडी गॅलरीत, बांबूच्या चिकाच्या पडद्याआड. आम्ही दोघी शहापुरातून चालत गेलो. गाणं रंगलं तसे आक्काचे पाय हलायला लागले. उजवा, डावा, माग चालवावा तसे. फळ्यांतून धूळ झडली ती थेट खाली मामलेदारांच्या पगडीवर. वकिलीणबाई, म्हणजे याच वकिलांच्या आई, फणकारल्या, "कोण गं ती? घरी माग चालवतेस काय?"

"व्हय, मागच चालवतो की. माझी सम चुकली काय, तेवढं सांगा!"

बायका फिदीफिदी हसल्या. "ऊठ, चालू लाग," वकिलीणबाई म्हणाल्या. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा करत तोंड फिरवलं. ती एकटी घरी गेली. मी शेवटपर्यंत बसले... आणि शेवटी गाणं असं काही चढलं, की मला तिची आठवणही राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी मागावरूनच तिनं विचारलं, "शेवटाला काय गायली गं बाई?"

"काय न्हाय. घसा बसलेला तिचा."

"मग काय चुकलं न्हाय माझं," म्हणाली आणि धोटा फेकला. पुन्हा कुठल्या गाण्याला गेली नाही. वकिलाची किळस कोणत्या तोंडानं करू? ती थाप मी तिच्या मरणापर्यंत तशीच ठेवली.

परवा तिची सून म्हणाली, "काकी, मागाचा खड्डा बुजवू या, डास लई झाल्यात." खाली वाकून बघितलं. माग चालवायच्या पायाखालच्या फळ्यांवर टाचांचे दोन खळगे पडलेत. मी पाय सोडून बसले. उजवा, डावा... सम काही सापडली नाही.